आखातातले ‘चाचे’, मुंबई सरकारचे तह आणि समुद्र नक्की कुणाचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपण नक्की कुठल्या किनाऱ्याबद्दल बोलतोय?

इराणच्या आखाताच्या दक्षिण काठाबद्दल. आज तिथे संयुक्त अरब अमिरात, कतार, बहरीन आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी नकाशांवर यातल्या बऱ्याच भागाला सरळ ‘पायरेट कोस्ट’, म्हणजे चाच्यांचा किनारा, असं नाव छापलेलं असे. शतक अर्धं उलटेपर्यंत त्याच किनाऱ्याला ‘ट्रुशियल कोस्ट’, म्हणजे तहाचा किनारा, म्हणू लागले. माणसं तीच होती, गलबतंही तीच. नाव का बदललं, हेच या पानावर बघायचं आहे.

मुख्य पात्रं अशी. रास अल खैमा, शारजा आणि समोरच्या इराणी काठावरचं बंदर लिंगे इथून कारभार करणारे कासिमी (अनेकवचनी कवासिम). त्यांचे जुने वैरी, मस्कतचे अल बु सईद घराण्याचे सुलतान. अबू धाबीची बनी यास जमात. आणि मुंबईत बसलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार. इराण, ऑटोमन तुर्क, फ्रान्स, इजिप्त, जर्मनी हे आपापल्या वेळेला येतात-जातात.

कासिमी चाचे होते का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत. टाळाटाळ करतोय असं वाटेल, पण कारण आहे.

गलबतं लुटली गेली, माणसं मारली गेली, हे खरं आहे. १८०४-०५ च्या सुमाराला बसऱ्याचा कंपनीचा रेसिडेंट (म्हणजे तिथला कायमचा प्रतिनिधी) सॅम्युअल मॅनेस्टी याची ‘शॅनन’ आणि ‘ट्रिमर’ ही दोन गलबतं पकडली गेली. ऑक्टोबर १८०८ मध्ये कंपनीचं ‘सिल्फ’ हे छोटं लढाऊ जहाज घेतलं गेलं (ते इंग्रजांनी लगेच सोडवलं). त्याच सुमाराला ‘मिनर्व्हा’ पकडलं गेलं, आणि त्यावरच्या एका इंग्रज लेफ्टनंटच्या बायकोला खंडणी भरून सोडवावं लागलं. गुजरात, कच्छ, सिंधच्या किनाऱ्यावरच्या व्यापारी गलबतांना त्यांची दहशत होती. ही सगळी कंपनीची बनावट कहाणी होती असं म्हणणं मला पटत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. मस्कत आणि कासिमी यांचं उघड युद्ध चालू होतं. मस्कतचा सुलतान बिन अहमद १८०४ मध्ये लिंग्याजवळच्या समुद्रात कासिम्यांशी लढताना मारला गेला. इंग्रजांनी तर १७९८ मध्येच मस्कतशी करार करून आपली बाजू ठरवून टाकली होती. शत्रूच्या दोस्ताचा माल पकडणं ही युरोपातल्या कुठल्याही आरमाराची त्या काळातली रोजची कामगिरी होती. फ्रेंच खाजगी जहाजं हिंदी महासागरात इंग्रजांची गलबतं पकडत, तेव्हा त्यांच्याजवळ सरकारी परवाना असे, म्हणून ते ‘प्रायव्हेटियर’. कासिम्यांच्या शेखाचा हुकूम मात्र परवान्यात मोजला जात नसे.

शारजाचे राज्यकर्ते सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी स्वतः १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली आणि चाचेगिरीचा आरोप हे कंपनीचं व्यापारी कारस्थान होतं अशी मांडणी केली. त्यासाठी त्यांनी वापरलेले कागद बरेचसे मुंबईच्या दप्तरखान्यातले. आरोपीच्या वारसाने फिर्यादीचंच दप्तर उघडावं, हा योग इतिहासात फार येत नाही. त्यांचा निष्कर्ष मला थोडा एकांगी वाटतो, पण प्रश्न त्यांनी बरोबर जागी नेऊन ठेवला : ‘चाचा’ हा शब्द कोण कुणाला लावतं?

मग कासिम्यांचं स्वतःचं म्हणणं काय होतं?

या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग इथे सांगतो. १८१६ मध्ये सुरतेचा माल भरलेली काही गलबतं तांबड्या समुद्राच्या बाजूला लुटली गेली. जाब विचारायला इंग्रजांचं पथक रास अल खैमाला गेलं. तिथला शेख हसन बिन रहमा. त्याच्या बाजूने मिळालेलं उत्तर इंग्रजी अहवालांत नोंदलं आहे, ते साधारण असं : ख्रिस्ती लोक आणि त्यांचा माल यांना आम्ही हात लावणार नाही. पण पश्चिम हिंदुस्थानात मुंबई आणि मंगळूर याखेरीज इंग्रजांचं काही आहे असं आम्ही मानत नाही. हिंदूंचीही बाजू घेणार असाल, तर मग सगळा हिंदुस्थान आणि मस्कतही तुमचंच म्हणा, आम्हाला लुटायला काय उरलं?

शेवटचं वाक्य ऐकून इंग्रज अधिकारी साहजिकच भडकले, आणि ते वाक्य वर्षानुवर्षं कासिम्यांच्या निर्लज्जपणाचा पुरावा म्हणून फिरलं. तुम्ही मात्र मधलं वाक्य पुन्हा वाचा. १८१६ साली मुंबईच्या दक्षिणेला काय होतं? बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे होतं. मालवण त्यांनी १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून घेतलं आणि वेंगुर्लं सावंतवाडीकरांकडून (तीही चाचेगिरी बंद करण्याच्याच नावाखाली). बाकी कोकणाचा मोठा पट्टा अजून पेशव्यांचा होता, पेशवाई बुडायला दोन वर्षं होती. सुरतेबद्दल शेख चुकला, सुरत १८०० मध्येच कंपनीने गिळली होती. पण हिंदुस्थानचा सगळा पश्चिम किनारा इंग्रजांचा नाही, हे त्याचं विधान त्या दिवशी नकाशा पुढ्यात घेऊन तपासलं असतं तर बरंचसं खरं निघालं असतं. वाद आखाताच्या किनाऱ्याचा होता असं आपण समजतो. तो आपल्या किनाऱ्याचाही होता.

इंग्रजांना आखाताची एवढी पडली होती का? तिथे तेव्हा तेल तर नव्हतं.

तेल नव्हतं, पण वाट होती. बसरा-अलेप्पोमार्गे जाणारी टपाल-वाट, घोड्यांचा आणि मोत्यांचा व्यापार, आणि मुख्य म्हणजे नेपोलियन. १७९८ मध्ये तो इजिप्तमध्ये उतरला तेव्हा मुंबई-कलकत्त्याची झोप उडाली. पुढल्याच वर्षी त्याने मस्कतच्या सुलतानाला लिहिलेलं पत्र इंग्रजांच्या हाती लागलं. मस्कतबरोबरचा १७९८ चा करार मुळात फ्रेंच आणि डच यांना बाहेर ठेवण्यासाठीच होता, त्यात चाच्यांचा विषय दुय्यम. तो विषय मोठा झाला तो मस्कतच्या मैत्रीपायी : मस्कतचे शत्रू ते आपले शत्रू, आणि आपल्या शत्रूंना आपण चाचे म्हणणार.

१८०९ मध्ये रास अल खैमा जाळलं होतं ना? मग पुन्हा १८१९ मध्ये का?

१३ नोव्हेंबर १८०९ ला कॅप्टन वेनराइट आणि कर्नल लायोनेल स्मिथ यांच्या मोहिमेने गावात शिरून पन्नासेक गलबतं जाळली, मग लिंगे, किश्म बेटावरचं लाफ्त आणि शिनास इथे तेच केलं. आणि निघून गेले. तह नाही, ठाणं नाही. लाकूड मलबारातून यायचं, ते पुन्हा आलं आणि गलबतं पुन्हा उभी राहिली. मागे पहिलं सौदी राज्यही होतं. कासिमी त्यांच्या वहाबी पंथाचे झाले होते, आणि लुटीतला वाटा दरिया या सौदी राजधानीपर्यंत जातो असं इंग्रज म्हणत.

१८१८ मध्ये इजिप्तच्या इब्राहिम पाशाने दरिया जमीनदोस्त केली. त्याच वर्षी पेशवाई संपली, त्यामुळे मुंबई सरकारचं सैन्यही मोकळं झालं. ही दोन कारणं जोडून पाहिली की १८१९ चं उत्तर मिळतं. नोव्हेंबरमध्ये सर विल्यम ग्रँट कीर सुमारे तीन हजारांचं सैन्य घेऊन मुंबईहून निघाला. सोबतीला मस्कतचा सय्यद सईद. जहाजावरच्या चोवीस पौंडी तोफा वाळूतून ओढत किनाऱ्यावर आणल्या, तेव्हा कुठे भिंती फुटल्या. ९ डिसेंबरला रास अल खैमा पडलं. रम्सच्या हुसेन बिन अलीने मागच्या डोंगरावरच्या धाया किल्ल्यात आणखी काही दिवस झुंज दिली, २२ डिसेंबरला तोही पडला.

१८२० च्या तहात नेमकं होतं काय?

हे जरा निवांत वाचण्यासारखं आहे. ८ जानेवारी १८२० चा हा ‘सर्वसाधारण तह’. पहिली सही हसन बिन रहमाची, मग एकेक करत शारजाचा सुलतान बिन सक्र, अबू धाबी, दुबई, बहरीन वगैरे. मजकूर घडवण्यात दुभाषा कॅप्टन थॉमस पेरोनेट थॉम्पसन याचा मोठा हात. हा गृहस्थ आधी सिएरा लिओनचा गव्हर्नर होता आणि गुलामीचा कट्टर विरोधक.

पहिलं कलम : लूट आणि चाचेगिरी कायमची बंद. ठीक.

दुसऱ्या कलमात खरी गोम आहे. जो कोणी ‘मान्य युद्धा’वाचून लुटेल तो सगळ्या मानवजातीचा शत्रू, त्याचा जीव आणि माल दोन्ही जप्त. आणि मान्य युद्ध म्हणजे काय? एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध जाहीर केलेलं, कबूल केलेलं आणि हुकूम देऊन चालवलेलं. वाचायला निर्दोष वाटतं. पण ‘सरकार’ कुणाला म्हणायचं ते कलमात नाही. शारजाचा शेख सरकार, हे मान्य. मग लिंग्याचा त्याचा चुलतभाऊ? त्याच्यापासून फुटलेला एखादा नाखवा-सरदार? वाळवंटातली जमात, जी आज एका शेखाला मानते आणि उद्या दुसऱ्याला? हे ठरवणारा शेवटी बुशहर या इराणी बंदरातला इंग्रज रेसिडेंटच.

तिसरं कलम झेंड्याचं. तहातल्या अरबांनी लाल झेंडा लावायचा, त्यावर अक्षरं हवी तर हवीत, नको तर नकोत, पण चहूबाजूंनी पांढरी किनार हवी आणि पांढऱ्याची रुंदी लालाइतकी. लाल रंग कासिम्यांचा जुनाच होता. पांढरी पट्टी ही इंग्रजांची भर. दुरून दुर्बिणीतून बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे गलबत तहातलं आहे.

पाचवं कलम माझ्या मते सगळ्यात दूरगामी. प्रत्येक गलबतावर दोन कागद हवेत. एक नोंदणीचा, शेखाच्या सहीचा : गलबताचं नाव, लांबी, रुंदी, माल किती मावतो. दुसरा बंदर सोडताना घ्यायचा : मालक कोण, नाखुदा कोण, माणसं किती, हत्यारं किती, कुठून कधी निघालं, कुठे चाललं. वाटेत इंग्रज किंवा दुसरं जहाज भेटलं आणि विचारलं तर दाखवायचे.

कोकणच्या इतिहासात ज्याला रस आहे त्याला इथे ओळखीचं काहीतरी दिसेल. हे दस्तकच, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना. पोर्तुगीजांनी आपल्या समुद्रात ‘कर्ताझ’ नावाने तो विकला, कान्होजी आंग्र्यांनी दस्तक विकला, आणि दस्तक न घेणारं गलबत पकडलं म्हणून मुंबईकर इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटलं. शंभर वर्षांनी तेच इंग्रज आखातात कागद तपासत होते.

नववं कलम : आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वा कुठूनही माणसं पकडून गलबतात घालून नेणं हीसुद्धा चाचेगिरीच. थॉम्पसनची ही छाप. सह्या करणाऱ्या शेखांनी या कलमाचा अर्थ ‘पळवून नेणं’ एवढाच घेतला, विकत घेऊन आणणं त्यात धरलं नाही, आणि इंग्रजांनीही बराच काळ फारसा आग्रह धरला नाही.

मुंबई सरकारला हा तह फार सौम्य वाटला होता, हेही नोंदवून ठेवतो. नवे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी नुकतीच सूत्रं घेतली होती.

तहानंतर लगेच शांतता झाली?

छे. त्याच थॉम्पसनने त्याच वर्षी नोव्हेंबरात ओमानमधल्या बनी बु अली जमातीवर चाचेगिरीचा ठपका ठेवून चढाई केली आणि दोनशेहून अधिक माणसं गमावली. मेले ते बहुतेक मुंबई फौजेतले देशी शिपाई. चाचेगिरीचा बंदोबस्त करायला निघालेलं पथक समुद्र सोडून वाळवंटात कशाला शिरलं, या प्रश्नावर त्याचं कोर्ट मार्शल झालं. १८२१ मध्ये लायोनेल स्मिथने मोठं सैन्य आणून सूड घेतला. या दोन मोहिमांनंतर मुंबईने कानाला खडा लावला : अरबस्तानात पाण्याबाहेर पाय टाकायचा नाही.

हा खडा पुढे धोरणच झाला. जमिनीवर तुम्ही एकमेकांची डोकी फोडा, आम्ही विचारणार नाही. समुद्रावर मात्र एक गोळी उडाली तरी विचारू.

‘तहाचा किनारा’ हे नाव कुठून आलं?

मोत्यांवरून. उन्हाळ्यात अख्खा किनारा मोती काढायला समुद्रावर असे. हजारो पाणबुडे नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून तळाला जात, आणि वर बसलेला सहकारी दोरी धरून असे. अशा वेळी कुणी हल्ला केला तर सगळ्यांचंच वर्ष बुडालं. १८३५ च्या सुरुवातीला बनी यासच्या लुटी वाढल्या, कंपनीच्या ‘एल्फिन्स्टन’ जहाजाने त्यांना ठोकलं, आणि तेवढा मोका साधून सॅम्युअल हेनेल या अधिकाऱ्याने शेखांना म्हटलं, निदान मोत्यांच्या मोसमापुरतं भांडू नका. मे ते नोव्हेंबर, सहा महिने. शेखांना ते इतकं सोयीचं पडलं की पुढल्या वर्षी त्यांनीच पुन्हा मागितलं. दरवर्षी नूतनीकरण होत १८४३ मध्ये दहा वर्षांचा तह झाला, आणि मे १८५३ मध्ये कायमचा.

सोबत हेनेलने समुद्रावर एक रेषाही आखली. आखाताच्या मधल्या बेटांच्या आधाराने ओढलेली, आणि तिच्या पलीकडे अरबांच्या लढाऊ गलबतांनी जायचं नाही. पाण्यावर काढलेल्या रेषेला हसू नका. पलीकडच्या इराणी काठावरची लिंग्यासारखी बंदरं कासिम्यांच्याच नातलगांची होती, तिथे जायला त्यांना आता बंदी. दोन्ही काठांवर पसरलेलं एक राज्य या रेषेने मधोमध कापलं गेलं.

बहरीन कुणाचं, यावर एवढा गोंधळ का?

कारण सगळ्यांनी हक्क सांगितला आणि सगळ्यांना कधी ना कधी बहरीनच्या शेखांनी ‘हो’ म्हटलं. मस्कतला खंडणी, वहाबींना खंडणी, इराणला निष्ठेची पत्रं, ज्याचं आरमार किंवा सैन्य जवळ येईल त्याला. लहान राज्याचं ते शहाणपण होतं.

यातला नाट्यमय भाग १८२२ चा. बुशहरचा रेसिडेंट कॅप्टन विल्यम ब्रूस याने शिराझला जाऊन तिथल्या इराणी राजपुत्राशी करार केला, आणि त्यात बहरीन इराणच्या फार्स प्रांताचं असल्याचं मान्य करून टाकलं. कुणाच्या परवानगीने? कुणाच्याच नाही. मुंबईला कळलं तेव्हा एल्फिन्स्टनच्या सरकारने करार फेटाळला आणि ब्रूसला काढलं. गंमत म्हणजे शहानेही तो मान्य केला नव्हता. दोन्ही धन्यांनी नाकारलेला हा कागद इराणने पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ पुरावा म्हणून बाहेर काढला. १८६१ मध्ये इंग्रजांनी बहरीनशी वेगळा तह केला आणि १८८०, १८९२ मध्ये त्याला बाकी सगळ्यांपासून बांधून घेतलं. इराणचा दावा मात्र १९७० पर्यंत चालू होता.

फ्रान्सचा यात काय संबंध? नेपोलियन तर कधीच गेला होता.

फ्रान्स परत आला तो झेंड्याच्या रूपाने, आणि हे प्रकरण इतकं रंगतदार आहे की त्याला थोडी जागा देतो.

१८६१ मध्ये हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांच्या निवाड्याने मस्कत आणि त्याच घराण्याच्या ताब्यातलं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झांजिबार वेगळे झाले. झांजिबारने मस्कतला वर्षाला चाळीस हजार क्राउन द्यायचे ठरले. पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स यांनी दोन्ही राज्यांच्या स्वातंत्र्याचा आदर करू असं संयुक्तपणे जाहीर केलं. म्हणजे इंग्रजांना मस्कत उघडपणे खिशात घालता येईना.

इकडे गुलामांच्या व्यापारावर इंग्रज गस्त वाढली होती. १८२२ च्या मोर्सबी करारात तर आफ्रिकेच्या केप डेलगाडोपासून थेट आपल्या दीवपर्यंत एक रेषा काढून तिच्या पूर्वेला ही वाहतूक बंद केली होती. पण फ्रेंच झेंडा लावलेलं जहाज इंग्रजांना तपासता येत नसे, फ्रान्सने तशी मुभाच दिली नव्हती. ओमानच्या सूर बंदरातल्या नाखुदांनी हे बरोबर हेरलं. फ्रेंच कागद मिळवले, तिरंगा चढवला, आणि इंग्रज गस्तीपुढून निवांत निघून गेले. कुणी खजूर नेत होता, कुणी माणसं. मस्कतच्या सुलतानाला आपल्याच प्रजेच्या गलबतावर अधिकार चालवता येईना.

मग फ्रेंचांनी १८९८ मध्ये मस्कतजवळच्या बंदर जिस्सा इथे कोळशाच्या डेपोसाठी जागा मिळवली. लॉर्ड कर्झनच्या हिंदुस्थान सरकारला ते खपलं नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये इंग्रज युद्धनौका मस्कतपुढे उभ्या राहिल्या, सुलतान फैसलला जहाजावर बोलावलं, आणि राजवाड्यावर तोफा डागण्याच्या धाकाने करार रद्द करून घेतला. स्वातंत्र्याचा आदर ठेवायचा तो असा. नंतर फ्रेंचांच्या समाधानासाठी मकल्ला खाडीतल्या इंग्रजांच्याच कोळशाच्या वखारीत त्यांना अर्धा वाटा दिला.

झेंड्यांचा वाद हेगच्या लवादाकडे गेला. निकाल ८ ऑगस्ट १९०५ चा, लवादात अमेरिकेचे सरन्यायाधीश मेलव्हिल फुलरही होते. २ जानेवारी १८९२ पूर्वी ज्यांना फ्रेंच झेंडा मिळाला त्यांचा राहील, त्यानंतर फक्त १८६३ पूर्वीपासून फ्रेंच आश्रित असलेल्यांनाच मिळेल, आणि झेंडा बापाकडून मुलाकडे आपोआप जाणार नाही. म्हणजे म्हातारे नाखुदे संपले की प्रश्न संपणार.

तुर्क आणि जर्मन?

थोडक्यात. १८६७ मध्ये बहरीन आणि अबू धाबीने मिळून कतारमधलं दोहा आणि वक्रा उद्ध्वस्त केलं. रेसिडेंट लुईस पेलीने दंड वसूल केला आणि १८६८ मध्ये दोह्याच्या मोहम्मद बिन थानीशी थेट करार केला. बहरीनचा भाग मानला जाणारा कतार वेगळा दिसायला लागला तो इथून. १८७१ मध्ये तुर्क अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अल हसा प्रांतात उतरले आणि दोह्यातही शिबंदी ठेवली. १८९३ मध्ये अल वजबा इथे कतारींनी त्यांना मार दिला, तरी शिबंदी पहिल्या महायुद्धापर्यंत राहिली. जर्मनांची बगदाद रेल्वे कुवेतपर्यंत येणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा इंग्रजांनी २३ जानेवारी १८९९ ला शेख मुबारकशी गुप्त करार केला : आमच्याशिवाय कुणाला जागा द्यायची नाही. किंमत पंधरा हजार रुपये. होय, रुपये. आखाताचं चलन १९६० च्या दशकापर्यंत आपलाच रुपया होता.

१८९२ चे करार चाचेगिरीबद्दल होते का?

नाही, आणि तेच बघण्यासारखं आहे. मार्च १८९२ मध्ये शेखांनी लिहून दिलं की ब्रिटिशांखेरीज कुणाशी करार करणार नाही, दुसऱ्या सरकारचा माणूस ठेवून घेणार नाही, जमीन विकणार, गहाण ठेवणार नाही. निमित्त काही फ्रेंच माणसं किनाऱ्यावर येऊन झेंडे वाटू पाहत होती याचं. १८२० मध्ये सुरू झालेला बंदोबस्त ज्या लुटीसाठी होता ती तोवर किरकोळ उरली होती. बंदोबस्त मात्र वाढत गेला.

मुंबईचा वाटा फक्त सैन्यापुरता होता का?

मुळीच नाही. १८७३ पर्यंत आखाताचा कारभार मुंबई सरकार बघे. मोती मुंबईच्या बाजारात येत, तिथून जगभर जात. मस्कत-बहरीनच्या पेढ्यांवर हिंदी व्यापारी बसलेले. आणि ज्याच्यासाठी कासिम्यांना ठोकलं त्या मस्कतच्या सय्यद सईदसाठी मुंबईच्या गोदीत १८२६ मध्ये ७४ तोफांचं ‘लिव्हरपूल’ बांधलं गेलं. त्याला ते परवडेना, म्हणून पुढे इंग्लंडच्या राजाला भेट दिलं आणि ‘इमाम’ नावाने ते ब्रिटिश आरमारात गेलं.

तुंब आणि अबू मुसा या बेटांचा वाद याच काळातला?

हो. लिंग्याचे कासिमी हळूहळू इराणचे अधिकारी म्हणूनही ओळखले जाऊ लागले होते. १८८७ मध्ये इराणने त्यांना हटवून लिंगे थेट ताब्यात घेतलं आणि सिर्री बेटावर झेंडा लावला. इराणचा युक्तिवाद : लिंग्याचा शेख आमचा नोकर, म्हणून त्याची बेटं आमची. कासिम्यांचा युक्तिवाद : नोकरी लिंग्यापुरती, बेटं घराण्याची. इंग्रज कासिम्यांच्या बाजूने होते, आणि नेमक्या त्याच वेळी, १८८८ मध्ये, ब्रिटिश वकिलाने शहाला भेट दिलेल्या युद्धखात्याच्या नकाशात ही बेटं इराणच्या रंगात रंगवलेली निघाली. शहाने नकाशा पुढे केला. कुण्या कारकुनाच्या ब्रशने घातलेला तो घोळ आजही इराणी बाजू मांडताना हटकून येतो. १९०४ मध्ये इराणी जकात खात्याने अबू मुसा आणि तुंबवर झेंडे रोवले, इंग्रजांच्या निषेधानंतर काढले. ३० नोव्हेंबर १९७१ ला, इंग्रज निघायच्या आदल्या दिवशी, इराणचं सैन्य उतरलं. वाद मिटलेला नाही.

आंग्र्यांशी तुलना किती ताणायची?

कागद आणि झेंडा इथपर्यंत. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते, मागे राज्याची सनद होती. कासिम्यांच्या मागे असं कुठलं मोठं राज्य नव्हतं, सौदी थोडा काळ होते आणि तेही बुडाले. त्यामुळे ‘आम्ही सरकार आहोत’ हे सिद्ध करणं कासिम्यांना जास्त कठीण गेलं. दोघांनाही इंग्रजी कागदपत्रांत शब्द मात्र एकच मिळाला.

त्या लाल-पांढऱ्या झेंड्याचं पुढे काय झालं?

कधी रास अल खैमाला गेलात तर त्या अमिरातीचा झेंडा बघा. मधे लाल चौकोन, भोवती पांढरी किनार. दुर्बिणीतून ओळखू यावी म्हणून १८२० मध्ये घालायला लावलेली ती पट्टी अजून तिथेच आहे.